चकमकीच्या बंदुकीविषयी ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायच्या, बंदुका दुरुस्तीला आणणारे बेळगावकडच्या खानापूर, जांबोटी, कणकुंबी भागांतील शेतकरी अलीकडे एक वेगळीच मागणी करतात. अमेरिकेतील कारागिरांनी हाताने घडवलेल्या गुळगुळीत नळीच्या चकमकीच्या बंदुका आणि त्यांनी होणारी सशांची, खारींची शिकार मोबाईलवर पाहून ‘तशी एक आम्हालाही करून द्या’ असे ते म्हणतात. आमचा परवाना दुरुस्तीचा आहे, नवी बंदूक घडवण्याचा नाही, त्यामुळे ती आम्ही करून देत नाही. मात्र कुतूहल रास्त आहे आणि काही घरांत अशा जुन्या बंदुका अजून आहेत, म्हणून ही माहिती छापली आहे.

या बंदुकीत घोड्याच्या, म्हणजे चाप ओढताच आपटणाऱ्या भागाच्या, जबड्यात चामड्यात गुंडाळलेली गारगोटी आवळलेली असते. चाप ओढताच ती समोरच्या पोलादी झाकणावर घासत उतरते, झाकण उघडते आणि जळते कण रंजकदाणीतील, म्हणजे नळीबाहेरच्या छोट्या वाटीतील, बारीक दारूवर (रंजकावर) पडतात. ठिणगी गारेची नसून तिने तासलेल्या पोलादाची असते, त्यामुळे झाकणाचे पोलाद मऊ असेल तर कितीही चांगली गार लावून उपयोग होत नाही. रंजकाची ज्वाळा कानातून, म्हणजे नळीच्या बुडाजवळच्या बारीक भोकातून, आत शिरून नळीतला बार पेटवते. रंजक कान बुजेपर्यंत भरले, तर ज्वाळा एकदम आत न जाता वातीसारखी जळत जाते आणि बार उशिरा उडतो. ‘रंजक जास्त तर बार जोरात’ हा समज आम्हाला वरचेवर खोडावा लागतो. केपाच्या, म्हणजे घोडा आपटताच पेटणाऱ्या छोट्या टोपीच्या, बंदुकीची सवय असलेल्याला एरवीही हा क्षणभराचा विलंब जाणवतो, आणि नेम बहुधा त्याच क्षणात हलतो.

तिकडचे कारागीर शिंप्याने माप घ्यावे तसे गिऱ्हाइकाच्या हाताचे माप घेऊन मॅपल किंवा अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता बेततात. लहान शिकारीसाठी २० बोअरची, म्हणजे सुमारे १५.६ मिलिमीटर व्यासाची नळी पुष्कळांना पसंत असते. नळीचे तोंड आवळलेले नसल्याने छर्रे लवकर पांगतात, आणि साधारण २५ यार्डांपलीकडे जनावर नुसते जखमी होऊन निसटण्याची भीती वाढते. म्हणून जाणता शिकारी रानात जाण्यापूर्वी निरनिराळ्या अंतरांवरून कागदावर बार काढून पाहतो. हे सारे तेथील परवाने आणि ठरलेले हंगाम सांभाळून चालते.

आपल्याकडे असा हंगामच नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नुसार शिकारीला बंदी आहे, आणि ससा किंवा तितर लहान म्हणून त्यातून सुटत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे खरा; परंतु तो परवाना बंदूक बाळगण्याचा आहे, जनावर मारण्याचा नाही. उभे पीक तुडवणाऱ्या रानडुकरासाठीसुद्धा वन खात्याचा लेखी आदेश लागतो. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत तर लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन पाऊल टाकणेही गुन्हा आहे. कोडगूतील कोडव समाजाला शस्त्र परवान्यातून मिळालेली सूट हा आमच्या बाकावर बसणाऱ्या ग्राहकांचा आवडता दाखला. ती सूट परवान्यापुरती आहे, शिकारीची नाही, आणि बेळगावला तिचा काही उपयोग नाही.

‘आजोबांची आहे, शोभेला ठेवली आहे’ हे उत्तरही पुरेसे ठरत नाही. दुरुस्त करूनही जी झाडता येणार नाहीत, अशाच जुन्या हत्यारांना शस्त्र अधिनियमाचे कलम ४५ वगळते. परवाना नसलेली बंदूक कृपया आमच्याकडे आणू नये. आधी पोलीस ठाण्यात किंवा डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसात लेखी कळवावे.

जुनी बंदूक भरलेलीच आहे असे धरून हाताळावी. गेल्या पावसाळ्यानंतर एका ग्राहकांनी आणलेली बंदूक कित्येक वर्षे माळ्यावर पडून होती. गज आत सोडून तोंडाशी खडूची खूण केली आणि तोच गज नळीच्या बाहेरून लावून पाहिला, तेव्हा तो कानाच्या चार बोटे अलीकडेच थांबला. आत बार होता. असे आढळल्यास गजाने ठोकू नये, बार उडवून मोकळा करण्याचा प्रयत्न करू नये, तोंड माणसांकडे वळवू नये. जागेवरच ठेवून आम्हाला कळवावे.

काळ्या दारूची राख ओल धरते आणि आपल्या भागातल्या पावसात नळी पाहता पाहता गंजते. ती राख नुसत्या तेलाने निघत नाही. परवान्याच्या बंदुकीचा बार काढल्यावर त्याच दिवशी नळी कोमट पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडी करून मगच तेलाचा हात फिरवावा. निवडणुकीत ठाण्यात जमा केलेली बंदूक परत मिळाल्यावरही कान सुईने मोकळा आहे का, हे पाहून घ्यावे. दुरुस्तीला येताना मूळ परवाना सोबत आणावा, दारू आणि केप घरीच ठेवावेत.