संपीडन चाचणी, बोटीच्या एंजिनाची

एंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरात पिस्टन हवा कितपत दाबतो हे दाबमापकाने मोजण्याची पद्धत. कारागीर याला ‘कॉम्प्रेशन बघणे’ म्हणतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः बोटीच्या मागच्या फळीला अडकवायच्या टू-स्ट्रोक (पिस्टन एकदा वर-खाली होताच आवर्तन पूर्ण करणाऱ्या) पेट्रोल एंजिनाचा विचार केला आहे. नागपुरात अशी एंजिने तलावांवरील बोटींना व बचाव पथकांच्या रबरी बोटींना असतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा लोकांना बोटींतून बाहेर काढावे लागले. महिनोन्‌महिने पडून राहणाऱ्या अशा एंजिनाची चाचणी पावसाळ्यापूर्वी व्हावी हे उघड आहे.

टू-स्ट्रोक एंजिनाच्या जनकत्वाबद्दल एकमत नाही. सामान्यतः श्रेय ड्यूगल्ड क्लार्क यांना दिले जाते (पेटंट १८८१). मात्र त्यांच्या रचनेत ताजे मिश्रण भरण्यासाठी वेगळा सिलिंडर होता. पिस्टनखालच्या क्रँककेसमध्येच (फिरत्या दांड्याच्या बंद कोशात) मिश्रण दाबून वर पाठवण्याची युक्ती जोसेफ डे यांची (सु. १८८९–९१). बोटीच्या एंजिनांची वंशावळ डे यांच्याकडे नेणे अधिक सयुक्तिक वाटते. चाचणीच्या दृष्टीने हा वाद निरर्थक नाही : एकाच एंजिनात मिश्रण दोनदा दाबले जाते आणि स्पार्क प्लगच्या (ठिणगी पाडणाऱ्या भागाच्या) भोकात बसवलेले मापक फक्त वरचा दाब दाखवते. क्रँककेसचे सील गळत असले, तरी आकडा उत्तम येऊ शकतो.

एंजिन आधी गरम करतात. त्यासाठी त्याचा खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडालेला हवा, कारण कोरडे चालवल्यास पंपाचा रबरी पंखा लवकरच जळतो. मग एंजिन बंद करून सर्व प्लग काढतात, प्लगच्या वायरी एंजिनाच्या धातूला अर्थ करतात आणि थ्रॉटल (आत येणारी हवा कमी-जास्त करणारा पडदा) पूर्ण उघडा ठेवतात. तो मिटलेला राहिल्यास हवाच आत येत नाही व धडधाकट सिलिंडरही नापास ठरतो. मापक बसवून काटा चढायचा थांबेपर्यंत, म्हणजे बहुधा पाच-सहा फेरे, स्टार्टर फिरवतात किंवा दोरी ओढतात. सर्व सिलिंडरांना फेरे सारखेच द्यावेत. बॅटरी पूर्ण चार्ज असावी.

मापकाची नळी हा दुर्लक्षित मुद्दा आहे. एकमार्गी झडप नळीच्या आट्यांकडील टोकाला असली पाहिजे. ती मापकाजवळ असल्यास नळीतील पोकळी ज्वलनकक्षात मोजली जाते आणि लहान सिलिंडरात आकडा बराच खाली येतो. अशा मापकामुळे चांगली एंजिने विनाकारण खोलली जातात.

टू-स्ट्रोकमध्ये साधारण ९० ते १३० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) दाब आढळतो. प्रमाण मात्र निर्मात्याच्या पुस्तिकेतीलच मानावे. नागपूर समुद्रसपाटीपासून सु. ३१० मी. उंच असल्याने किनाऱ्यावर १२० दाखवणारे एंजिन येथे चार-पाच अंक कमी दाखवते. म्हणून एकट्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधील तफावत पाहणे इष्ट. ती १० टक्क्यांच्या आत चालते. काही कारागीर १५ पीएसआयचा नियम सांगतात, पण कमी दाबाच्या एंजिनाला तो फार सैल पडतो. शेजारचे दोन सिलिंडर एकदमच उतरले असतील, तर हेड गॅस्केटचा (सिलिंडर व त्यावरील झाकण यांमधील पातळ पत्र्याचा) संशय आधी घ्यावा. एकच उतरला असल्यास पिस्टनवरचे ओरखडे किंवा काजळीने चिकटलेल्या रिंगा (पिस्टनभोवतीची कडी) संभवतात. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून पाहण्याची जुनी रीत एंजिन पार बसले आहे की नाही एवढेच सांगते.

सिलिंडरात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजण्याची ‘ओली’ चाचणी फोर-स्ट्रोकची (पिस्टन दोनदा वर-खाली झाल्यावर आवर्तन पूर्ण करणाऱ्या एंजिनाची) आहे : दाब वाढला तर दोष रिंगांचा, न वाढल्यास बहुधा झडपांचा किंवा गॅस्केटचा. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरात मुळात अशा झडपा नसतात आणि तेल इंधनाबरोबर येतच असते, त्यामुळे तिथे तिचा निष्कर्ष कच्चा. काही फोर-स्ट्रोक एंजिनांत सुरू करताना दाब आपोआप सोडणारी यंत्रणा असते; तिथे आकडा कमीच येतो.

डिझेल एंजिनाचा दाब कितीतरी अधिक असल्याने पेट्रोलचे मापक त्याला लावू नये.