बाराशे टनांची क्रेन, पण अडीच मीटरवर

जर्मनीतल्या म्युनिकच्या रीम भागात १९९२ पर्यंत विमानतळ होता. आता तिथे प्रदर्शनाचं मैदान आहे आणि साधारण दर तीन वर्षांनी तिथे ‘बाउमा’ भरतं. बांधकाम यंत्रांची ही जगातली सर्वांत मोठी जत्रा. एप्रिल २०२५ मध्ये सात दिवसांत सुमारे सहा लाख माणसं तिथे येऊन गेली. मैदानात शिरण्याआधीच दिसतात त्या क्रेन. आभाळात बूमचं, म्हणजे क्रेनच्या लांब हातांचं, रान माजलेलं असतं, आणि बहुतेकांचा हुक रिकामा. फार तर कंपनीचा झेंडा लटकवलेला.

रिकाम्या हुकावरून क्रेन कळत नाही, म्हणून लोक पाटीवरचा आकडा वाचतात. लीभेर कंपनीची ‘एलटीएम ११२००’ ही २००७ साली आलेली नऊ आसांची क्रेन घ्या. तिचा आकडा आहे १,२०० टन. मात्र बारीक अक्षरात पुढे लिहिलेलं असतं, त्रिज्या २.५ मीटर. ती ज्या बिंदूभोवती गोल फिरते, तिथपासून अडीच मीटर. म्हणजे ओझं जवळजवळ क्रेनच्या अंगाला चिकटलेलं. १,२०० टनांची वस्तू तिथे मावणार तरी कशी? हा आकडा खोटा नाही, पण लग्नाच्या स्थळातल्या पगारासारखा आहे. कुठल्या अटीवर, ते विचारावं लागतं.

भरलेली कळशी कमरेवर घेऊन बाई अर्धा कोस चालते. तीच कळशी हात सरळ पुढे करून धरायला सांगा, मिनिटभरात खांदा भरून येईल. कळशीचं वजन तेच, अंतर वाढलं. क्रेनला उलथवतो तो वजन आणि अंतर यांचा गुणाकार. टॉवर क्रेनवाले, म्हणजे उंच मनोऱ्यावर आडवा हात फिरवणाऱ्या क्रेन बनवणारे, याबाबतीत जास्त प्रामाणिक. ते क्रेनची ओळखच टन-मीटरमध्ये सांगतात. डेन्मार्कची क्रोल के-१०००० ही क्रेन ८२ मीटरवर १२० टन उचलते. गुणाकार करून पाहा, नावातला दहा हजाराचा आकडा कुठून आला ते कळेल.

आपल्या रस्त्यावरची ‘हायड्रा’ याच नियमाने वागते. हायड्रा हे मुळात एका कंपनीच्या मॉडेलचं नाव. वनस्पती तुपाचा जसा डालडा झाला, तशी अशी प्रत्येक क्रेन हायड्रा झाली. ती ओझं लटकवून चालू शकते. पण वळताना तिचं अंग मधोमध दुमडतं आणि तोल एका बाजूला सरकतो. सरळ उभी असताना पेललेलं वजन वळणावर तिला आडवं करू शकतं. आणि नेमका तेव्हाच एक पोऱ्या डोलणारी सळयांची मोळी हाताने धरून तिच्यापुढे उलटा चालत असतो. हे दृश्य मी इतक्यांदा पाहिलंय की आता बघवत नाही.

मग नव्या क्रेनमध्ये नवं काय? माझ्या मते ताकदीपेक्षा किडकिडीतपणा. बूम स्वतःच जड असला तर क्रेनची निम्मी शक्ती त्यालाच तोलण्यात जाते. साधं बांधकामाचं पोलाद दर चौरस मिलिमीटरला साधारण २५ किलोच्या ताणापर्यंत मूळ आकारात परत येतं. आधुनिक बूमसाठी वापरतात ते पोलाद ११० किलोपर्यंत टिकतं. साहजिकच पत्रा पातळ करता येतो. पण पातळ पत्रा तुटण्याआधी चुरगळतो. वर्तमानपत्र सपाट धरलं तर मान टाकतं, सुरळी केली तर माशी मारता येते. म्हणून आताच्या टेलिस्कोपिक, म्हणजे एकात एक सरकून लांबणाऱ्या, बूमची खालची बाजू पूर्वीसारखी चौकोनी नसून गोलाईची असते.

इथे एक गंमत आहे. हे पोलाद चौपट बळकट असलं तरी चौपट ताठ नाही. तेवढ्याच ताणाला ते साध्या पोलादाइतकंच लांबतं. बळकटी वाढवता येते, ताठपणा जवळजवळ बदलत नाही. त्यामुळे पातळ, लांब बूम ओझ्याखाली गळाच्या काठीसारखा वाकतो, आणि हे चुकून घडत नाही, हिशेबात धरलेलं असतं. एलटीएम ११२०० चा बूम १०० मीटरपर्यंत जातो. ओझं जमिनीवरून सुटत असतानाच त्याचं टोक पुढे झुकतं आणि त्रिज्या वाढते. ऑपरेटरला तेवढ्यात बूम थोडा उभा करून घ्यावा लागतो, नाहीतर ओझं जमीन सोडता सोडता पुढे झोकांडी खातं.

बूमसारखंच दोराचं वजनही क्रेनलाच पेलावं लागतं. २० मिलिमीटर जाडीचा पोलादी वायर रोप मीटरला पावणेदोन किलोच्या आसपास भरतो. १०० मीटर उंचीवर चार पदरी दोर म्हणजे सातशे किलो नुसता दोर. २०१९ च्या बाउमात लीभेरने टॉवर क्रेनसाठी कृत्रिम धाग्यांचा दोर मांडला. त्याचं वजन पोलादी दोराच्या पाचव्या हिश्श्याइतकं. वाचलेलं वजन जिबच्या, म्हणजे टॉवर क्रेनच्या आडव्या हाताच्या, टोकाला थेट ओझ्यात मिळतं. पोलादी दोर तपासायची जुनी रीत म्हणजे त्यावरून फडकं फिरवायचं; तुटलेली तार असली की ते अडकतं. धाग्याच्या दोराला ही परीक्षा लागू नाही. तिथे वरचं वेष्टन किती झिजलंय ते डोळ्यांनी पाहून दोर बदलायचा.

बॅटरीवरच्या क्रेन आल्या तेव्हा मीही भुवया उंचावल्या होत्या. एवढी धूडं बॅटरीवर? मग कागदावर हिशेब केला. १० टन वजन ५० मीटर उचलायला निव्वळ ऊर्जा लागते सुमारे १.४ युनिट. दीड टनाचा एसी तासाभरात जवळपास तेवढी खातो. गळती धरून दुप्पट म्हणा, तरी आकडा किरकोळच. क्रेनचा बराचसा दिवस कोणीतरी पट्टा बांधेपर्यंत थांबण्यात जातो. डिझेल इंजिन त्या वेळीही धूर काढत बसतं, मोटर गप्प असते. रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणाऱ्या २०० आणि २५० टनी क्रॉलर क्रेनही आता बॅटरीवर मिळतात.

केबिनमधला संगणक बूमची लांबी, कोन, त्रिज्या आणि हुकावरचं वजन सतत पाहतो. मर्यादा आली की धोका वाढवणारी हालचाल बंद. रस्त्याच्या कडेला एका बाजूचे आउटरिगर, म्हणजे बाजूला पसरणारे आधाराचे पाय, पूर्ण उघडायला जागा नसेल, तर नव्या क्रेन प्रत्येक दिशेला किती पेलवेल याचा वेगळा हिशेब करतात. हा संगणक किल्ली फिरवून गप्प करता येतो. साइटवर तसं करणारे महाभागही आहेत.

वाऱ्याचं मात्र त्याला पूर्ण कळतंच असं नाही. १४ जुलै १९९९ रोजी अमेरिकेतल्या मिल्वॉकी शहरात बेसबॉल स्टेडियमच्या छताचा चारशेहून अधिक टनांचा तुकडा चढवताना ‘बिग ब्लू’ ही महाकाय क्रेन कोसळली आणि तीन कामगार गेले. वजन तिच्या आवाक्यातलं होतं. क्रेनवर वारा किती चालेल तेही पाहिलं होतं. पण छताचा तो तुकडा म्हणजे शीडच होतं. त्याच्यावर आडवा बसणारा रेटा हिशेबात नीट धरलाच नव्हता. बूम समोरचं ओझं पेलायला केलेला असतो, बाजूचा धक्का त्याला सोसत नाही.

आमच्या सोसायटीसमोर टॉवर क्रेन उभी राहिली, त्या पावसाळ्यात रात्री दहा वाजता शेजारचे काका घाबरून खाली गेले. क्रेनमध्ये माणूस नाही, दिवा नाही, आणि जिब सावकाश फिरतोय. वॉचमन म्हणाला, “फिरू द्या काका, थांबली तर मला उठवा.” त्याचं बरोबर होतं. काम संपल्यावर ऑपरेटर फिरण्याचा ब्रेक मुद्दाम मोकळा सोडून उतरतो, म्हणजे जिब वाऱ्याच्या दिशेने वळतो आणि वाऱ्याला त्याची रुंद बाजू मिळत नाही. काकांनी दोन दिवस तरीही गाडी दुसऱ्या गेटला लावली.