स्तंभनदोषावरील गोळ्या : सुरक्षित वापर

समागमासाठी पुरेसा ताठरपणा न येणे किंवा आलेला न टिकणे, याला स्तंभनदोष म्हणतात. त्यावर डॉक्टर बहुधा सिल्डेनाफिल, टाडालाफिल, वार्डेनाफिल किंवा अव्हानाफिल लिहून देतात. उत्तेजनेच्या वेळी लिंगातील स्नायू सैल करणारे सीजीएमपी हे द्रव्य एक विकर (एन्झाइम) नष्ट करत असते. या गोळ्या त्या विकराला रोखतात, म्हणून रक्ताचा ओघ टिकतो. उत्तेजना मात्र हवीच. नुसती गोळी घेऊन वाट पाहिल्याने काही होत नाही.

सिल्डेनाफिल साधारणपणे ५० मिग्रॅपासून सुरू करतात, वय ६५च्या पुढे असल्यास किंवा यकृत-मूत्रपिंडाचा गंभीर विकार असल्यास २५ मिग्रॅपासून. ती तासभर आधी घ्यावी. स्निग्ध, जड जेवणावर घेतली तर परिणाम उशिरा येतो आणि गोळी लागू पडत नाही असा गैरसमज होतो. टाडालाफिलला (सुरुवात १० मिग्रॅ) जेवणाची अडचण नाही. तिचा परिणाम ३६ तासांपर्यंत राहू शकतो. दिवसातून एकापेक्षा जास्त मात्रा घेऊ नये. एकदोनदा जमले नाही म्हणून स्वतःच मात्रा वाढवू नये. योग्य रीतीने सहा-आठ वेळा घेऊन पाहिल्याशिवाय औषध निरुपयोगी ठरवत नाहीत.

खरा धोका नायट्रेटचा (रक्तवाहिन्या रुंदावणाऱ्या औषधांचा). छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीन, रोजची आयसोसॉर्बाइड आणि नशेसाठी हुंगले जाणारे ‘पॉपर्स’ यांच्या जोडीने रक्तदाब जिवावर बेतेल इतका घसरतो. फुफ्फुसांतील वाढलेल्या रक्तदाबावरचे रिओसिग्वाटही वर्ज्य. गोळीनंतर छातीत दुखू लागले तर समागम थांबवून तातडीने रुग्णालय गाठावे आणि कोणती गोळी किती वाजता घेतली हे तिथे सांगावे. सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट टाळतात. गोळी घेतल्याचे संकोचाने लपवणे प्राणघातक ठरू शकते. टॅम्सुलोसिनसारखी प्रोस्टेटची औषधे चालू असताना कमी मात्रेने सुरुवात करतात. क्लॅरिथ्रोमायसिन (प्रतिजैविक), कीटोकोनॅझोल (बुरशीवरचे औषध) व रिटोनाविर (एचआयव्हीवरचे औषध) यांमुळे गोळी शरीरात साठून राहते.

डोकेदुखी, चेहरा लाल होणे, नाक चोंदणे, जळजळ हे त्रास बहुधा आपोआप ओसरतात. चार तासांहून अधिक टिकलेला ताठरपणा, अचानक गेलेली दृष्टी किंवा ऐकू येणे मात्र आणीबाणी समजावी.

गोळीआधी रक्तदाब, साखर आणि हृदयाची तपासणी टाळू नये, कारण लिंगाच्या अरुंद रोहिण्यांतील अडथळा हृदयविकाराच्या काही वर्षे आधी जाणवू शकतो. ‘वनौषधी’ म्हणून खपवल्या जाणाऱ्या काही उत्पादनांत न सांगता सिल्डेनाफिल मिसळलेले आढळले आहे. नायट्रेट घेणाऱ्यांनी ती घेऊच नयेत.