शॉर्टकट एकमेकांना आडवे येतात तेव्हा

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

रोजच्या सवयीचा शॉर्टकट दाबावा आणि काहीच घडू नये, किंवा भलतेच घडावे, अशी तक्रार घेऊन बरेच ग्राहक आमच्याकडे येतात. कीबोर्ड बिघडला, सॉफ्टवेअर पुन्हा टाकावे लागणार, अशी भीती त्यांना वाटत असते. बहुतेक वेळा तसे काही नसते. एकाच बटणांवर दोन प्रोग्रॅमनी हक्क सांगितलेला असतो. म्हणून आमचे पहिले सांगणे असे की, सेटिंग बदलण्याआधी ती बटणे नेमकी कोण पळवते आहे ते शोधा. हे न कळता केलेला बदल एक अडचण मिटवून दुसरी उभी करतो.

विंडोजमध्ये मागे चालू असलेला प्रोग्रॅम बटणांची एखादी जोडी स्वतःच्या नावावर नोंदवून घेऊ शकतो. मग तुम्ही कुठेही टाइप करत असा, ती बटणे आधी त्याच्याकडे जातात. जो आधी नोंदवेल त्याला ती मिळतात. नंतर आलेल्याला नकार मिळतो आणि तो नकार तुम्हाला दिसेलच असे नाही. कॉम्प्युटर सुरू होताना आज कोणता प्रोग्रॅम आधी उठला यावर सगळे ठरते. ‘काल चालत होता, आज चालत नाही’ या कोड्याचे उत्तर अनेकदा इथेच असते.

शोधायची सोपी रीत अशी: घड्याळाशेजारच्या चिन्हांमधले प्रोग्रॅम एकेक करून पूर्ण बंद करा आणि दर वेळी शॉर्टकट दाबून पाहा. स्क्रीनशॉट घेणारे, स्क्रीन रेकॉर्ड करणारे, चॅट आणि मीटिंगचे प्रोग्रॅम, ग्राफिक्स कार्डाबरोबर आलेली सॉफ्टवेअर यांच्यावर आधी संशय घ्या. डेस्कटॉपवरच्या आयकॉनलाही शॉर्टकट दिलेला असू शकतो. आयकॉनवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडले की ‘शॉर्टकट की’ हा रकाना दिसतो. तिथे बघायचे सहसा कुणाला सुचत नाही.

दोन भाषांत टाइप करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. डावे ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबल्यावर विंडोज टायपिंगची भाषा बदलू शकते, त्यामुळे ऑल्ट-शिफ्टने सुरू होणारे शॉर्टकट बिनसतात. ‘अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज’मधून ही जोडी बंद करता येते, भाषा बदलायला विंडोज-स्पेस उरतेच. तसेच ज्या कीबोर्ड मांडणीत उजवे ऑल्ट जादा अक्षरांसाठी वापरले जाते, तिथे विंडोज कंट्रोल-ऑल्टची जोडी त्याच अर्थाने घेते. म्हणून नवा शॉर्टकट निवडताना कंट्रोल-ऑल्ट टाळलेले बरे.

आता प्रोग्रॅमच्या आतले बदल. वर्डमध्ये ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘कस्टमाइझ रिबन’ असे जाऊन खालचे ‘कीबोर्ड शॉर्टकट्स’ पुढचे बटण दाबा. नवी जोडी दाबताच ती सध्या कोणत्या कामाला आहे ते तिथेच दिसते. ती ओळ वाचल्याशिवाय ‘असाइन’ दाबू नका, कारण त्यानंतर जुने काम त्या बटणांवरून निघून जाते. लिबरऑफिसमध्ये ‘टूल्स’, ‘कस्टमाइझ’, ‘कीबोर्ड’. तिथे एक यादी लिबरऑफिसच्या सर्व प्रोग्रॅमसाठी आणि एक फक्त रायटर (लेखनाचा) किंवा कॅल्क (तक्त्यांचा) अशा उघड्या प्रोग्रॅमसाठी असते. दोन्हींत तीच जोडी असेल तर त्या त्या प्रोग्रॅमची यादी वरचढ ठरते. व्हीएस कोडमध्ये (हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचे एडिटर) कंट्रोल-के आणि मग कंट्रोल-एस दाबल्यावर पूर्ण यादी उघडते. ओळीवर राइट क्लिक करून ‘शो सेम कीबाइंडिंग्ज’ निवडले की एकाच जोडीचे सगळे दावेदार समोर येतात. मॅकवर ‘सिस्टिम सेटिंग्ज’मधल्या ‘कीबोर्ड’खाली ‘अ‍ॅप शॉर्टकट्स’ आहे. मेनूतले नाव तिथे, शेवटी तीन टिंबे असली तर त्यांसकट, हुबेहूब लिहावे लागते.

विंडोजवरच्या एक्सेलचे वेगळे आहे. त्याचे मूळ शॉर्टकट बदलायला अशी खिडकीच नाही. नेहमीची आज्ञा ‘क्विक अ‍ॅक्सेस टूलबार’ या छोट्या पट्टीवर ठेवली, की ऑल्टबरोबर तिचा क्रमांक दाबून ती चालवता येते. मात्र मॅक्रोला (फाइलमध्ये साठवलेल्या आज्ञांच्या मालिकेला) दिलेला कंट्रोलचा शॉर्टकट, ती फाइल उघडी असेपर्यंत, एक्सेलच्या स्वतःच्या शॉर्टकटवर मात करतो. कंट्रोल-डी अचानक वेगळे वागू लागले तर दुसऱ्या कुणाची मॅक्रो असलेली फाइल उघडी आहे का ते पाहा.

बदलायचे कोणते? ज्या प्रोग्रॅमचा वापर कमी, त्याचा शॉर्टकट बदला. कॉपी, पेस्ट, अनडू, सेव्ह यांना हात लावू नका, विशेषतः एका कॉम्प्युटरवर अनेक जण काम करत असतील तर. विंडोज बटणाच्या जोड्या सिस्टिमसाठी राखीव मानल्या जातात, त्या सोडून द्या. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट तर विंडोज कुणालाच देत नाही.

केलेले बदल जपून ठेवा. वर्ड ते सहसा ‘नॉर्मल’ टेम्प्लेट या नमुना-फाइलमध्ये साठवते, म्हणून नवा कॉम्प्युटर घेताना ती फाइलही न्यायला हवी. लिबरऑफिसच्या त्याच खिडकीत ‘सेव्ह’ आणि ‘लोड’ ही बटणे आहेत.

एवढे करूनही अडले तर आम्हाला जरूर सांगा. बटणे कोणती, त्या वेळी समोर कोणता प्रोग्रॅम होता, टायपिंगची भाषा कोणती होती आणि अलीकडे काय नवे टाकले किंवा अपडेट झाले, हे लिहून ठेवले असेल तर आमचे काम फार लवकर होते.