गेम आठवतो, नाव आठवत नाही

लाल टोपीवाला बुटका माणूस, सोनेरी चषक, आणि चषक घेतल्याशिवाय न उघडणारं दार. एवढ्या खुणांवर जाणकार लगेच सांगतो: 'डेंजरस डेव्ह'. विचारणाऱ्याला मात्र हे पूर्ण नाव कधी माहीतच नसतं. त्याच्या लेखी तो नुसता 'डेव्ह' असतो, नाहीतर 'डॉसवरचा मारिओ' (डॉस म्हणजे विंडोजच्या आधी पीसी चालवणारी, आज्ञा टाइप करायची प्रणाली). लहानपणी खेळलेला गेम शोधणारे बहुतेक जण आधी स्वतःच्या स्मरणशक्तीला बोल लावतात. ते अन्यायाचं आहे. हे गेम आपल्यापर्यंत ज्या वाटांनी आले, त्या वाटेवरच त्यांची खोकी, माहितीपुस्तिका, निर्मात्यांची नावं आणि पुष्कळदा खुद्द गेमचं नाव गळून पडलं होतं. जे कधी हातात आलंच नाही, ते आठवणार कुठून? म्हणून ओळख पटवायची तर गोष्ट काय होती हे नंतर, गेम कुठून आला हे आधी विचारावं.

डेव्हचंच घ्या. जॉन रोमेरो या अमेरिकी प्रोग्रॅमरने तो १९८८ मध्ये ॲपल टू संगणकासाठी लिहिला, तोही 'अपटाइम' नावाच्या डिस्क-मासिकासाठी. डिस्क-मासिक म्हणजे वर्गणीदारांना टपालाने येणारी फ्लॉपी, तिच्यात दोन-चार उपयोगी प्रोग्रॅम आणि एखादा गेम. पुढे रोमेरो लुइझियानातल्या श्रीव्हपोर्ट गावी सॉफ्टडिस्क कंपनीत काम करत असताना १९९० मध्ये डेव्हची डॉसवरची आवृत्ती आली. आपल्याकडे पोचली ती हीच. म्हणजे या गेमला दुकानात मांडायचं खोकं मुळातच नव्हतं. ज्यांनी खेळला त्यांना चषक उचलल्यावर खाली येणारी 'गो थ्रू द डोअर' ही ओळ आठवते, दोन लेव्हलांच्या मधल्या बोगद्यातून डेव्ह चालत जातो ते आठवतं, जेटपॅक आठवतं. कंपनीचं नाव कुणालाच आठवत नाही.

'डॉसवरचा मारिओ' म्हणणाऱ्यांना हसू नये. त्याच सॉफ्टडिस्कमध्ये सप्टेंबर १९९० मध्ये रोमेरोचा सहकारी जॉन कारमॅकने साध्या पीसीवर पडदा आडवा सलग सरकवण्याची युक्ती शोधली. मग त्याने आणि टॉम हॉलने रातोरात 'सुपर मारिओ ब्रदर्स ३'ची पहिली लेव्हल पीसीवर हुबेहूब उतरवली आणि मारिओच्या जागी डेव्हला उभं केलं. नावही बेधडक ठेवलं, 'डेंजरस डेव्ह इन कॉपीराइट इन्फ्रिंजमेंट'. त्या प्रयोगातून डिसेंबर १९९० मध्ये 'कमांडर कीन' आला, १९९१ मध्ये आयडी सॉफ्टवेअर ही कंपनी उभी राहिली, आणि १९९२ ला 'वुल्फेन्स्टाइन थ्रीडी', १९९३ ला 'डूम'.

हे तिन्ही गेम जगभर पसरले ते शेअरवेअर या पद्धतीमुळे. तिची सुरुवात गेममधून झाली नाही. १९८२ मध्ये अँड्र्यू फ्लूगलमनने 'पीसी-टॉक' आणि जिम नॉफने 'पीसी-फाइल' हे प्रोग्रॅम लोकांना बिनदिक्कत वाटायला दिले: वापरा, मित्रांना द्या, आवडलं तर पैसे पाठवा. गेमच्या बाबतीत लोक पैसे पाठवेनात, कारण सगळा गेम आधीच मिळालेला असायचा. स्कॉट मिलरच्या ॲपोजी कंपनीने त्यावर तोडगा काढला. गेमचे भाग पाडायचे, पहिला फुकट सोडायचा, पुढचे विकत. धंदा जोरात चालला. आपल्या आठवणींवर मात्र त्याचा एक गमतीदार परिणाम झालाय. फुकटचा भाग हाताहाताने सातासमुद्रापार गेला, विकतचा क्वचितच आला. त्यामुळे कीनचं मंगळावरचं साहस सांगणारे पुष्कळ भेटतात, त्यानंतर काय झालं हे सांगणारा विरळा. एखाद्या गेमचा शेवट कुणालाच आठवत नसेल तर तो शेअरवेअर असावा, हा अंदाज बरेचदा बरोबर निघतो.

आपल्याकडे शेअरवेअर आणि चोरीची प्रत यात फरक करायची कुणाला गरजच वाटली नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे पाटीवरच्या डॉ. भडकमकर मार्गावरून, संगणकाचे भाग आणि फ्लॉप्या जायच्या. पुढे एकेका सीडीवर शेकडो गेम ठासून भरलेले असायचे. तिथून क्लासच्या संगणकावर, तिथून कुणाच्या दादाच्या कपाटात. या प्रवासात नाव म्हणून उरायचं ते फाइलचं. डॉसमध्ये फाइलच्या नावाला जास्तीत जास्त आठ अक्षरं, टिंब, आणि पुढे तीन. मूळ शीर्षक कितीही भारदस्त असो, पोरांच्या तोंडी तेच आठ अक्षरांचं राहायचं. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' म्हणूनच नुसता 'प्रिन्स' झाला.

प्रिन्सबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळी भानगड त्याच्यात एकत्र दिसते. जॉर्डन मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं व्हिडिओ चित्रण केलं, त्यातली एकेक हालचाल रेखून घेतली आणि १९८९ मध्ये ॲपल टू वर गेम आणला. डॉसवर तो १९९० मध्ये आला. चोरी टाळण्यासाठी त्यात एक खोली होती, तिथे अक्षरं लिहिलेल्या बाटल्या मांडलेल्या. पुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या अमुक ओळीतल्या अमुक शब्दाचं पहिलं अक्षर शोधायचं आणि त्या अक्षराची बाटली प्यायची. चुकीची प्यायली की शिक्षा. पुस्तिका कुणाकडेच नव्हती, पण फिरत्या प्रतींमध्ये हा अडसर बहुधा कुणीतरी आधीच काढलेला असायचा. उलट जे पुस्तिकेत नव्हतं तेच आपल्या मुलांना तोंडपाठ होतं. डॉसच्या काळ्या पडद्यावर 'प्रिन्स'पुढे जागा सोडून 'मेगाहिट' टाइप करायचं, मग शिफ्ट आणि एल दाबून पुढच्या लेव्हलला जायचं. पुढच्या आवृत्त्यांत 'मेगाहिट'ची जागा 'इम्प्रूव्हड'ने घेतली. आज कुणी गेमचं वर्णन करताना म्हणालं की 'सुरू करताना पुढे काहीतरी शब्द लिहावा लागायचा', तर गेमच नव्हे, त्याची आवृत्तीसुद्धा सांगता येते.

ज्यांच्या घरी संगणक नव्हता त्यांच्याकडे टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता, आणि त्याची कॅसेट. निन्टेंडोने १९८३ मध्ये जपानात काढलेल्या फॅमिली कॉम्प्युटरच्या या स्वस्त नकला पूर्व आशियातून आलेल्या. कॅसेटवर '९९९९९९९ इन १' छापलेलं, आत खरे वेगळे गेम मोजकेच. तोच गेम वेगळ्या लेव्हलपासून सुरू करून पुन्हा यादीत घातलेला. या नकलाकारांनी एक काम मन लावून केलं. पहिल्या पडद्यावरची कंपनीची आणि कॉपीराइटची ओळ पुसली, कधी शीर्षकच बदललं. नाम्को कंपनीचा १९८५ चा 'बॅटल सिटी', विटांच्या भिंती फोडत गरुडाचं चिन्ह वाचवायचं तो, थोड्याफार बदलांसह 'टँक १९९०' होऊन फिरला. इथे 'मला नाव आठवत नाही' याला काही अर्थच उरत नाही. पडद्यावर जे नाव होतं ते खोटं होतं.

मग ओळख पटवायची कशी? कथानक सांगू नका, पडदा सांगा. रंगांवरून काळ जवळजवळ नक्की कळतो. काळा, पांढरा, निळसर आणि भडक गुलाबी एवढेच रंग असतील तर ते पडद्यावर चित्र उमटवणारं १९८१ चं सीजीए कार्ड, म्हणजे गेम बहुधा ऐंशीच्या दशकातला. ग्रेग कूपरबर्गचा 'पॅराट्रूपर' याच घराण्यातला: मधोमध तोफ, वरून हेलिकॉप्टर, छत्र्यांनी उतरणारे सैनिक. सोळा रंग म्हणजे १९८४ नंतरचं ईजीए, कीन त्यातला. २५६ रंग आणि फोटोसारख्या छटा म्हणजे १९८७ नंतरचं व्हीजीए. आवाजाचंही तसंच. संगणकाच्या खोक्यातल्या बारक्या स्पीकरची टूं-टूं आठवते की खरं संगीत? संगीत असेल तर ॲडलिब किंवा साउंड ब्लास्टर हे आवाजाचं कार्ड, म्हणजे नव्वदच्या आसपास किंवा पुढे. अर्थात यात एक मेख आहे. आपल्याकडच्या कितीतरी संगणकांना एकरंगी मॉनिटर होते, तेव्हा 'गेम काळापांढरा होता' ही साक्ष मॉनिटरची असते, गेमची नव्हे. वेगाचंही तेच. जुने बरेच गेम प्रोसेसरच्या गतीवर धावायचे. नव्या मशीनवर टाकले की पिसाळल्यासारखे पळायचे. 'सुरू झाला की दोन सेकंदांत मरायचो' हे खेळणाऱ्याचं अपयश नसून तारखेचा पुरावा असू शकतो.

याच्या पुढचे टप्पे थोडक्यात. सायबर कॅफेत खेळलेले फ्लॅश गेम, म्हणजे ब्राउझरमध्येच फ्लॅश या सॉफ्टवेअरवर चालणारे, एका साइटवरून दुसरीवर उचलले जायचे आणि नावं बदलायची. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि ते ब्राउझरमधून एका फटक्यात गेले. साध्या फोनवरचे जावा गेम तर हँडसेटगणिक वेगळ्या आकारात असायचे आणि फोन विकला की संपायचे. मोटरसायकल शर्यतीच्या 'रोड रॅश'बद्दल मात्र कुणी विचारत नाही. ते नाव सगळ्यांना पाठ आहे.

गळालेली नावं पुन्हा चिकटवायचं काम कंपन्यांनी केलं नाही, हौशी माणसांनी केलं. विक्रीतून बाद झालेल्या गेमना 'अबॅन्डनवेअर' म्हणायची पद्धत १९९७ च्या सुमाराला रुजली. कायद्याने त्या शब्दाला काही किंमत नाही. मालक झोपला म्हणून मालकी संपत नाही. १९९८ मध्ये सरीनी अचवनुन्तकुल या थायलंडच्या तरुणीने 'होम ऑफ द अंडरडॉग्स' सुरू केलं. दुर्लक्षित गेम निवडायचे, त्यावर चार ओळी मनापासून लिहायच्या आणि सोबत हे आवडलं तर तेही पाहा असं सांगायचं. शिफारशीची ती रीत मला आजच्या यंत्राने काढलेल्या याद्यांपेक्षा कितीतरी भरवशाची वाटते, कारण मागे एका माणसाची आवडनिवड असायची. २००९ मध्ये सर्व्हर पुरवणारी कंपनी बुडाली आणि साइट बंद पडली. चाहत्यांनी नंतर तिच्या प्रती उभ्या केल्या. १९९९ मध्ये 'मोबीगेम्स' आलं. तिथे गेमचं नाव, साल, यंत्र, खोक्याचं चित्र आणि श्रेयनामावली एकेक करून नोंदवली जाऊ लागली. २००२ मध्ये 'डॉसबॉक्स' हा प्रोग्रॅम आला आणि नव्या संगणकावर जुना डॉस पुन्हा बोलू लागला, वेग कमीजास्त करायच्या सोयीसकट. २०१५ च्या जानेवारीत इंटरनेट आर्काइव्हने दोन हजारांवर डॉस गेम थेट ब्राउझरमध्ये खेळायला ठेवले. फ्लॅशच्या बाबतीत 'फ्लॅशपॉइंट' या प्रकल्पाने एक लाखाहून अधिक गेम आणि ॲनिमेशन वाचवले.

निर्मात्यांनाही स्वतःची वस्तू सांभाळता आलेली नव्हती. प्रिन्सचा मूळ कोड मेकनरला कित्येक वर्षं सापडत नव्हता. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरातल्या कपाटात फ्लॉप्यांचं खोकं मिळालं. जुन्या यंत्रांच्या जाणकारांना बोलावून फ्लॉप्या वाचल्या आणि त्याने तो कोड सगळ्यांसाठी खुला केला. सगळ्यांचं नशीब असं नसतं. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज सरळ मार्गाने विकत मिळत नाहीत असं दिसलं. ग्रंथालयांना असे गेम अभ्यासकांपर्यंत दुरून पोचवू द्यावेत, ही मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०२४ मध्ये फेटाळली. जे विकत मिळतात ते बहुधा पोलंडच्या 'गॉग'सारख्या दुकानात. २००८ मध्ये जुने गेम दुरुस्त करून विकायलाच ते निघालं.

गेम सापडला की पुढचा प्रश्न ठरलेला: 'याच्यासारखं आणखी काही सांगा'. इथे स्वतंत्र, एकट्यादुकट्याने केलेले गेम कामी येतात, कारण त्यांचे कर्ते हेच जुने गेम खेळून मोठे झाले. डाइसुके अमायाने एकट्याने बनवून २००४ मध्ये फुकट दिलेला 'केव्ह स्टोरी' डेव्ह-कीनवाल्यांना हमखास आवडतो. डेरेक यूचा 'स्पेलंकी' २००८ मध्ये असाच फुकट आला. प्रत्येक डावात गुहा नव्याने रचायची त्याची कल्पना १९८० च्या 'रोग' या गेमपासून चालत आलेली. टेरी कॅव्हनाचा २०१० चा 'व्हीव्हीव्हीव्हीव्हीव्ही' मोजक्या रंगांत आणि जीवघेण्या काट्यांत रमणाऱ्यांसाठी. आणि २०२४ चा 'यूएफओ ५०' त्याहून मजेदार. ऐंशीच्या दशकात कधी नव्हतीच अशी एक कंपनी कल्पून तिचे पन्नास गेम त्यात बनवलेत. प्रिन्सच्या चाहत्यांना मी पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० चा 'राजी' सुचवतो. किल्ले, कड्यांवरून लोंबकळणं, भिंतीवरून धाव, सगळं आहे. शत्रू असुर आहेत.

फक्त शिफारस मागताना गेमच्या नावापेक्षा त्यातलं काय आवडायचं ते सांगावं. प्रिन्समध्ये कुणाला तलवारबाजी आवडायची, कुणाला साठ मिनिटांचं घड्याळ, तर कुणाला नुसती ती लांब उडी. तिघांनाही एकच गेम सुचवला तर दोघे तो दहा मिनिटांत बंद करतात.