‘जमेल का?’ आणि ‘केलंत का?’

मधुमेह असलेल्या एका काकूंना मी विचारलं होतं, “रोज रात्री पायाचे तळवे तपासणं तुम्हाला जमेल, याची खात्री दहापैकी किती?” “नऊ लिही की. त्यात न जमण्यासारखं काय आहे?” मी नऊ लिहिले. पुढचा प्रश्न होता, “गेल्या सात दिवसांत किती दिवस तपासलेत?” काकू जरा थांबल्या. “खरं सांगू? एकदाही नाही. गुडघा वळत नाही माझा, तळवा दिसणार कसा?”

काम एकच, पण उत्तरं नऊ आणि शून्य. काकू खोटं बोलत नव्हत्या. पहिला प्रश्न त्यांचा भरवसा मोजत होता, दुसरा त्यांची कृती. दीर्घ आजार किंवा अपंगत्व घेऊन जगणाऱ्या माणसांच्या अहवालांत या दोन्हींची सर्रास सरमिसळ होते, आणि मग चुकीच्या माणसाला चुकीची मदत मिळते.

भरवशाला मानसशास्त्रात सेल्फ-एफिकसी म्हणतात, मराठी पुस्तकांत स्वक्षमता. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ साली ही कल्पना मांडली. ठरावीक परिस्थितीत ठरावीक काम आपल्या हातून होईल, हा माणसाचा स्वतःबद्दलचा अंदाज म्हणजे स्वक्षमता. आपण एरवी ज्याला आत्मविश्वास म्हणतो तो सगळ्या आयुष्यावर पसरलेला असतो. स्वक्षमता एका कामाला चिकटलेली असते. शाळेत चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईंचा हात इन्सुलिनची पहिली सुई टोचताना थरथरतो. त्यांना आत्मविश्वासाचे प्रश्न विचारले तर गुण भरपूर पडतील, सुईबद्दल मात्र काहीच कळणार नाही.

कृतीच्या बाजूला म्हणतात स्वव्यवस्थापन, म्हणजे सेल्फ-मॅनेजमेंट. ही मनातली खात्री नसून रोजचा उद्योग आहे. कॉर्बिन आणि स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी १९८८ साली त्याची तीन कामं सांगितली. एक औषधपाण्याचं, दुसरं घरातल्या-कामातल्या आपल्या भूमिका निभावण्याचं किंवा बदलण्याचं, तिसरं आजारासोबत येणारी भीती, राग, खिन्नता सांभाळण्याचं. आपल्याकडे पहिल्याचीच चौकशी होते. “गोळ्या वेळेवर घेता ना?” एवढ्यावर विषय संपतो. संधिवातामुळे पोळ्या लाटणं सुटलेल्या बाईला त्या स्वयंपाकघरात आता आपलं काय काम, हा प्रश्न छळत असतो. तो कुठल्या रकान्यात लिहायचा?

या दोन गोष्टी वेगळ्या असल्याचा धडा अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना संधिवाताच्या रुग्णांकडूनच मिळाला. त्यांच्या वर्गांत लोक व्यायाम, सैल पडून विश्रांती घेणं अशा गोष्टी शिकत. वेदना कमी होत, सवयीही सुधारत. पण ज्यांनी व्यायाम जास्त केला त्यांचंच दुखणं जास्त कमी झालं, असं आकड्यांतून ठामपणे दिसेना. दोन्हींतलं नातं फारच सैल निघालं. मग त्यांनी लोकांशी बोलून पाहिलं. ज्यांना बरं वाटत होतं त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट यायची, की दुखण्यावर आपलाही काही ताबा आहे. त्यातूनच १९८९ साली संधिवातासाठी स्वक्षमतेची मोजपट्टी आली. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. आकडे जुळेनात तेव्हा त्या लोकांनी रुग्णांना दोष दिला नाही, त्यांचं ऐकून घेतलं.

मोजायची रीतही दोन्हींची वेगळी आहे. भरवसा विचारताना वाक्य ‘करू शकेन’ या रूपात लागतं, ‘करीन’ या रूपात नाही, कारण ‘करीन’ हा इरादा झाला. शिवाय पायऱ्या लागतात. “साखर टाळता येईल?” हा प्रश्न कुचकामी आहे. घरी एकटं असताना टाळता येईल? ऑफिसात कुणाच्या वाढदिवसाचे पेढे वाटले जात असताना? गणपतीत मामींनी स्वतःच्या हातचा मोदक ताटात वाढल्यावर? खरा भरवसा किती ते त्या मोदकापाशी कळतं.

कृती विचारताना उलट करायचं. अंदाज नको, आठवण हवी, आणि तीही जवळची. मधुमेहासाठी वापरल्या जाणाऱ्या एका जुन्या प्रश्नावलीत गेल्या सात दिवसांपैकी किती दिवस आहार पाळलात, किती दिवस व्यायाम केलात, किती दिवस पाय पाहिलेत, इतकंच काय, किती दिवस चपला-बूट आतून तपासलेत, असं विचारतात. यांची बेरीज करून एकच आकडा काढत नाहीत, आणि ते योग्यच आहे. नेमानं गोळ्या घेणारा माणूस नेमानं चालायला जाईलच, असं नसतं.

एकच आकडा काढण्याचा मोह भरवशाच्या बाबतीतही घात करतो. दीर्घ आजारांसाठीची लोरिग यांची सहा प्रश्नांची एक छोटी पट्टी आहे. थकवा, वेदना, मनाचा त्रास, इतर लक्षणं, तब्येतीसाठीची रोजची कामं आणि औषधांव्यतिरिक्तचे उपाय, प्रत्येक गोष्ट आपण सांभाळू शकू या खात्रीला एक ते दहा गुण आणि शेवटी सरासरी. समजा एखाद्यानं ९, ९, ३, ८, ९, ८ असे गुण दिले. सरासरी ७.७, म्हणजे छान. पण तो तीन मनाच्या त्रासाचा आहे, आणि हा माणूस कदाचित रात्र रात्र जागत असेल. सरासरी लिहा, पण तो तीन पुसू नका.

मराठीत विचारताना एक अडचण आपल्या भाषेतच बसलेली आहे. ‘जमणार नाही’ याचा अर्थ काय? अंगात ताकद नाही, वेळ नाही, पैसे नाहीत, की सरळ इच्छा नाही? नकार सभ्यपणे द्यायचा तर आपण ‘नाही जमणार हो’ असंच म्हणतो. आणि ‘जमेल की’ हे कितीदा तरी समोरच्या ताईचं किंवा डॉक्टरांचं मन राखायला म्हटलेलं असतं. म्हणून इंग्रजी प्रश्नाचं नुसतं भाषांतर करून भागत नाही. उत्तर आल्यावर “म्हणजे कसं कराल, मला सांगा” असं विचारावं लागतं. काकूंना मी ते विचारलं नव्हतं. गुडघ्याची गोष्ट मला पहिल्याच प्रश्नात कळली असती.

भरवसा आणि कृती एकमेकांना सोडून कशी चालतात याचं उलटं उदाहरणही पाहिलं आहे. एका आजींच्या गोळ्या सातपैकी सात दिवस बिनचूक. भरवसा विचारला तर दहापैकी दोन. गोळ्यांची डबी सूनबाई भरत होत्या, हातावर गोळीही त्याच ठेवत होत्या. नुसती कृती मोजली असती तर आजी पहिल्या नंबरात आल्या असत्या. सून बाळंतपणाला माहेरी गेल्यावर काय होणार, ते त्या दोनमध्ये लिहिलेलं होतं. अशा वेळी उपदेश फारसा कामाचा नसतो. बंडुरांच्या मते भरवसा सगळ्यात पक्का होतो तो स्वतः करून जमल्याच्या अनुभवानं. आपल्यासारख्याच दुसऱ्या कुणाला करताना पाहणं, कुणी धीर देणं, हे त्यानंतर. आजींनी सून घरात असतानाच डबी स्वतः भरायला घेतली. पहिला आठवडा फक्त सकाळचा कप्पा.

याउलट भरवसा भरपूर आणि कृती कमी असेल, तर धीर देणारी भाषणं त्या माणसाचा अपमान करतात. साखर तपासायच्या पट्ट्या परवडत नसतील तर खात्री दहा असून उपयोग काय?

अपंगत्वाच्या बाबतीत तर ‘स्वतः’ या शब्दाचाच नीट विचार करायला हवा. मणक्याला इजा झालेल्या, मानेखाली हालचाल नसलेल्या माणसाला “स्वतः अंघोळ करता येते का?” असं विचारून शून्य लिहिणं हा अन्याय आहे. कधी कूस बदलायची, त्वचा कुठे लाल झाली आहे ते बघायला मदतनिसाला कसं सांगायचं, नवा मदतनीस आला तर त्याला कसं शिकवायचं, हे सगळं तो चोख करत असेल तर तो उत्तम स्वव्यवस्थापन करतो आहे. मणक्याच्या इजेसाठीच ऑस्ट्रेलियात तयार झालेल्या मूरोंग या सोळा प्रश्नांच्या पट्टीत स्वच्छतेचा प्रश्न ‘मदतीनं किंवा मदतीशिवाय’ अशा शब्दांत आहे. ते तीन शब्द प्रत्येक फॉर्मवर असावेत असं मला वाटतं.

मधुमेहाच्या रक्ततपासणीतला एचबीएवनसी हा आकडा या दोन्हींपैकी काहीच मोजत नाही. तो साधारण दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा परिणाम आहे, त्यात औषधाचा डोस, इतर आजार, नशीब सगळं मिसळलेलं असतं. तो वाढला म्हणून ‘तुम्ही काळजीच घेत नाही’ असं म्हणणं चूक आहे.

काकूंना आम्ही एक आरसा दिला. तो जमिनीवर ठेवायचा, पलंगावर बसायचं आणि पाय त्यावर धरायचा. वाकायची गरज नाही. महिन्याभरानं तेच दोन प्रश्न पुन्हा विचारले. गेल्या सात दिवसांत किती दिवस? पाच. आणि खात्री दहापैकी किती? काकूंनी विचार केला आणि म्हणाल्या, “सहा.” नऊवरून सहा. नुसता भरवशाचा रकाना बघणाऱ्यानं काकू खालावल्या असं लिहिलं असतं. मी विचारलं, सहा का? “डाव्या पायाची टाच आरशात नीट येत नाही. आणि लाइट गेली की काहीच दिसत नाही. बॅटरी कुठे ठेवायची ते अजून ठरवायचंय.”