पिंप उतरले तरी पेट्रोल का उतरत नाही

‘तेल दहा डॉलरने घसरले’ अशी बातमी आली की जळगाव असो की शहादा, पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग पंपावर काय उतरले? हा प्रश्न राजकारणाकडे नेण्याआधी एकदा कागदावर मांडून पाहायला हवा.

मुळात पंपावरचा भाव कच्च्या तेलाला नव्हे, तयार पेट्रोलच्या आंतरराष्ट्रीय भावाला बांधलेला आहे. पेट्रोल भले मुंबईतल्या माहुलच्या कारखान्यात शुद्ध झालेले असो. ते बाहेरून आणले असते तर काय पडले असते याला ८० टक्के आणि बाहेर विकले असते तर काय मिळाले असते याला २० टक्के वजन देऊन हिशेब धरला जातो. कच्चे तेल आणि तयार पेट्रोल बहुधा बरोबरीने चालतात, पण नेहमी नाही. जून २०२२ मध्ये जगभर शुद्धीकरणाची क्षमता तोकडी पडली आणि दोन्हींमधले अंतर प्रचंड वाढले.

आता आकडेमोड, तयार पेट्रोल कच्च्या तेलाइतकेच उतरले असे धरून. एका पिंपात (बॅरलमध्ये) १५९ लिटर. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर पिंपामागे १ डॉलर म्हणजे ८५ भागिले १५९, म्हणजेच लिटरमागे ५३ पैसे. १० डॉलर उतरले की ५ रुपये ३५ पैसे. महाराष्ट्रात पेट्रोलवर २५ टक्के व्हॅट आहे. मूळ किंमत उतरली की त्यावरचा व्हॅटही उतरतो, म्हणून ही घट १.२५ पट, म्हणजे ६ रुपये ६८ पैसे व्हायला हवी. पण ई-२० पेट्रोलमध्ये पाचवा हिस्सा इथेनॉलचा आहे. त्याचा भाव मका, मळी, उसाचा रस अशा कच्च्या मालानुसार सरकारी पातळीवर ठरतो, आखाती बाजारात नाही. २०२३-२४ च्या हंगामात मक्यापासूनच्या इथेनॉलला लिटरमागे ७१.८६ रुपये मिळत होते. म्हणजे धुळे-जळगावच्या शिवारातला मकाही आता या हिशेबात आहे. आंतरराष्ट्रीय भावाबरोबर हलतो तो लिटरचा ०.८ भागच. आणि ०.८ गुणिले १.२५ म्हणजे बरोबर १! इथेनॉलने कमी केलेला परिणाम व्हॅटने भरून काढला आणि आपण पुन्हा ५ रुपये ३५ पैशांवर आलो. १ डॉलरला ५३ पैसे, एवढे लक्षात ठेवले तरी रोजची बातमी तपासता येते.

८० चे ७० डॉलर होणे ही साडेबारा टक्क्यांची घट. लिटरचा भाव १०५ रुपये असेल तर ५.३५ रुपये म्हणजे जेमतेम पाच टक्के. उरलेली घट कोणी खाल्ली? कोणीच नाही. केंद्राचे उत्पादन शुल्क, व्हॅटखेरीज राज्य वेगळे घेते ते लिटरमागे ५ रुपये १२ पैसे, पंपचालकाचे कमिशन, मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोपासूनचे टँकरभाडे, यातले बरेचसे ठरावीक रुपयांत असते. तेल उतरले म्हणून ते उतरत नाही. भाव चढताना हेच पथ्यावर पडते, ते मात्र कोणाच्या लक्षात येत नाही.

शिवाय रुपया. पिंप ८० चे ७८ डॉलर झाले आणि डॉलर ८५ वरून ८७ रुपयांवर गेला, तर पिंपाचे ६,८०० चे ६,७८६ रुपये होतात. लिटरमागे ९ पैसे.

कागदावरचा हिशेब पंपावर उतरतोच असे नाही. १६ जून २०१७ पासून देशभर रोज सकाळी ६ वाजता भाव बदलण्याची पद्धत आली, पण एप्रिल २०२२ नंतर जवळपास दोन वर्षे तेल कंपन्यांनी आपला भाव जागचा हलवला नाही. त्या काळात उतरले ते करकपातीमुळे: मे २०२२ मध्ये केंद्राचे ८ रुपये, जुलैत राज्याचे ५. तेल महाग असताना कंपन्यांनी तोटा सोसला, स्वस्त झाल्यावर तो भरून काढला. एप्रिल २०२५ मध्ये उत्पादन शुल्क २ रुपयांनी वाढले, तरी पंपावरचा भाव तसाच राहिला. ते २ रुपये कंपन्यांच्या नफ्यातून गेले. स्थिर भाव म्हणजे स्थिर खर्च नव्हे, आणि स्वस्ताईचा फायदा ग्राहकापर्यंत उशिरा पोचतो ही तक्रार रास्तच आहे.

टक्केवारीतल्या कराचा खेळ पाहायचा तर नवापूरला पाहावा. सीमेपलीकडे उच्छलला तेच पेट्रोल आठ-दहा रुपयांनी स्वस्त मिळत आले आहे. गुजरातमध्ये १३.७ टक्के व्हॅट आणि वर ४ टक्के उपकर, मिळून सुमारे १८.२ टक्के. करापूर्वीची किंमत १० रुपयांनी चढली की दोन्हीकडच्या भावातला फरक आणखी सुमारे ७० पैशांनी रुंदावतो, कोणत्याही सरकारने काही न करता.

राहिला ‘पहाटे गारव्यात भरा, जास्त मिळते’ हा मोबाइलवर फिरणारा सल्ला. पेट्रोल अंशामागे सुमारे ०.१ टक्का प्रसरण पावते. भुसावळला दुपारी ४५ अंश असले तरी जमिनीखालच्या टाकीत दिवसभरात अंश-दोन अंशांचाच फरक पडतो. ५ लिटरमागे ५ ते १० मिलिलिटर. वैधमापन खात्यानेच ५ लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतची तफावत मान्य केलेली आहे. मापाची शंका असेल तर पंपावर ठेवलेले ५ लिटरचे प्रमाणित माप मागून घ्या आणि समोर भरून पाहा.